चेहऱ्यावरचा व्रण आणि मानेतील वाट

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेच्या संग्रहात काचेच्या बरणीत राखलेला एक जुना नमुना आहे. १७८७ साली जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्याने पस्तीस वर्षांच्या एका पुरुषाच्या जबड्याच्या कोनामागील गाठ कापून काढली आणि आपल्या शिरस्त्याप्रमाणे ती जपून ठेविली. गाठीचा काही भाग पांढरट असून काही भाग मऊ व काळा आहे, अशी नोंद त्याने केली. त्या काळी ह्या विकाराला स्वतंत्र नावही नव्हते. पुढे १९४१ साली लंडनवर झालेल्या बाँबहल्ल्यात ह्या संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला; ही बरणी मात्र वाचली. १९६८ साली तीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आल्या, तेव्हा ती गाठ त्वचेच्या रंगपेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाची, म्हणजे मेलॅनोमाची, असल्याचे निश्चित झाले. हंटरच्या हाती आलेली ही गाठ रोगाचे मूळ स्थान नसून दुसरीकडून आलेल्या रोगाचा तो मुक्काम होता, असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात.

एका गाठीचे खरे नाव कळावयास एकशे एक्याऐंशी वर्षे लागली. परंतु ही कथा केवळ नावाची नाही. डोके, चेहरा, कान आणि मान ह्या भागांतील त्वचेवर उठणारा कर्करोग बहुधा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो; आरशात पाहणाऱ्याला तो दिसतो, शेजाऱ्यालाही दिसतो. तथापि रोग्याच्या जिवाचा निवाडा पुष्कळदा त्या दिसणाऱ्या व्रणावर होत नाही. तो होतो कानापुढच्या आणि मानेतील लहान लहान ग्रंथींत, जेथे रोग न दिसता पोहोचतो. ती वाट ओळखण्यास शास्त्राला फार काळ लागला, आणि जोवर ती नीट ओळखली गेली नव्हती तोवर रोग्यांना त्याची किंमत आपल्या चेहऱ्याने, खांद्याने व कित्येकदा प्राणाने द्यावी लागली.

गाठीपासून दुसरी गाठ निर्माण होते, हे निरीक्षण मात्र अतिप्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत अर्बुदांचे वर्णन करताना, आधीच्या अर्बुदावर नवे अर्बुद उठल्यास त्याला अध्यर्बुद म्हणावे आणि जोडीने उद्भवणारे द्विरर्बुद असाध्य समजावे, असे सांगितले आहे. अर्बुद कापताना त्याचा अवशेष राहिला तर ते पुन्हा त्वरेने वाढते, असा इशाराही त्याच ग्रंथात आहे. आधुनिक शस्त्रवैद्य आजही ह्याच दोन गोष्टींना भितो: मागे राहिलेला अंश आणि दुसरीकडे उठलेली गाठ. सुश्रुताने त्या पाहिल्या होत्या. पहिलीतून दुसरी कोणत्या मार्गाने होते हे कळण्याची साधने मात्र त्या काळी नव्हती.

ग्रीक वैद्यकाने ह्या रोगाला खेकड्याचे नाव दिले. आपल्याकडे ‘कर्क’ हा शब्द त्याच अर्थाने रूढ झाला. दुसऱ्या शतकातील गेलन ह्या वैद्याच्या मते शरीरातील काळ्या पित्ताचा प्रकोप हे कर्करोगाचे कारण होय. ह्या मताचा प्रभाव युरोपात चौदा-पंधराशे वर्षे टिकला. रोग सर्वांगातील रसाचा असेल तर चेहऱ्यावरची गाठ कापून काय उपयोग? एक गाठ काढली तर पित्त दुसरी निर्माण करील. म्हणून शस्त्र चालविण्याचे धैर्य फार थोड्यांना होत असे, आणि ज्यांना होत असे ते बहुधा उशिराच चालवीत. उपाय कुंठित होण्याचे एक मोठे कारण रोगाविषयीची ही कल्पनाच होती.

ह्या कल्पनेला तडा गेला तो शरीरातील एका नव्या जलमार्गाच्या शोधाने. १६२२ साली इटलीत गास्पारे आसेली याला कुत्र्याच्या आतड्यांजवळ दुधाळ रसाच्या बारीक वाहिन्या दिसल्या. शतकाच्या मध्यास डेन्मार्कचा थॉमस बार्थोलिन आणि स्वीडनचा ओलोफ रुडबेक ह्यांनी अशाच वाहिन्या सर्व शरीरभर पसरलेल्या असल्याचे दाखविले. ह्याच त्या लसिकावाहिन्या. ऊतींतून झिरपणारा निर्मळ द्रव त्या गोळा करतात, वाटेत ठिकठिकाणी असलेल्या ग्रंथींतून तो गाळला जातो आणि शेवटी रक्तात मिसळतो. पायाला काटा रुतून तो चिघळला की जांघेत अवधाण येते, ते ह्याच ग्रंथींच्या सुजेमुळे.

अठराव्या शतकात फ्रान्समधील शस्त्रवैद्य हेन्री फ्रान्स्वा ल द्रान ह्याने ह्या ज्ञानाचा कर्करोगाशी संबंध जोडला. त्याच्या मते कर्करोग आरंभी एकाच जागी असतो. तेथून तो लसिकावाहिन्यांच्या वाटेने जवळच्या ग्रंथींत जातो आणि मग दूरवर पसरतो. ह्या एका विधानाने उपचाराचे सारे गणित बदलले. रोग आरंभी स्थानिक असेल तर लवकर कापल्यास तो बरा होऊ शकतो, आणि ग्रंथींत गेलेला असेल तर त्या ग्रंथीही काढल्या पाहिजेत. काळ्या पित्तापुढे शस्त्रवैद्य हतबल होता. ल द्रानच्या विधानाने त्याला एक काळमर्यादा मिळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रोगाचे प्रकार वेगळे होऊ लागले. फ्रान्समध्ये लेनेक ह्याने १८०४ साली दिलेल्या व्याख्यानात शरीरात आढळणाऱ्या काळ्या गाठींचे वर्णन केले आणि त्या विकाराला ‘मेलॅनोज’ असे नाव दिले. १८२० साली इंग्लंडमधील विल्यम नॉरिस ह्याने अशा एका रोग्याची सविस्तर हकीकत छापली व हा विकार कुटुंबात चालत येत असावा, अशी शंका व्यक्त केली. १८३८ साली रॉबर्ट कार्स्वेल ह्याने ‘मेलॅनोमा’ हा शब्द योजिला. ह्याच सुमारास, १८२७ साली, डब्लिन येथील आर्थर जेकब ह्याने पापण्या व चेहरा ह्यांवर उठणाऱ्या एका चमत्कारिक व्रणाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा व्रण वर्षानुवर्षे हळूहळू पसरतो, डोळ्याभोवतीचे मांस व हाडही कुरतडतो. परंतु ग्रंथींत सहसा जात नाही. उंदराने कुरतडावे तशी त्याची चाल, म्हणून इंग्रजीत त्याला उंदराचेच नाव मिळाले. पुढे हंगेरीच्या एडमंड क्रोम्पेखर ह्याने १९०३ साली हा त्वचेच्या तळाशी असणाऱ्या पेशींचा स्वतंत्र कर्करोग असल्याचे मांडले.

त्वचेचे तीन प्रमुख कर्करोग तेव्हापासून वेगवेगळे ओळखले जाऊ लागले. तळपेशींचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, बहुधा चेहऱ्यावर. तो जागचे नुकसान करतो, पण दूर जाणे अत्यंत विरळ. दुसरा वरच्या थरातील चपट्या पेशींचा. तो बहुतेकदा जागीच बरा करता येतो, मात्र शंभरांतील काही थोड्या रोग्यांत ग्रंथींकडे वळतो. कान व ओठ येथील, आकाराने दोन सेंटीमीटरहून मोठा, खोल गेलेला, अथवा ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली आहे अशा माणसाला झालेला व्रण ह्या बाबतीत अधिक धोक्याचा. तिसरा मेलॅनोमा, तो संख्येने कमी, परंतु स्थलांतराची प्रवृत्ती त्यात सर्वांत प्रबळ.

स्थलांतर करते ते नेमके काय, रस की पेशी, हा वाद शतकाच्या उत्तरार्धात मिटत गेला. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ व्हिर्खो ह्याने १८५८ साली प्रत्येक पेशी पेशीपासूनच निर्माण होते हा सिद्धांत मांडला. १८६५ साली कार्ल टीर्श ह्याने त्वचेचा कर्करोग त्वचेच्या वरच्या आवरणातील पेशींपासूनच उगवतो, हे दाखविले. मग मानेतील ग्रंथीत सापडणाऱ्या त्वचापेशी तेथे आल्या कशा? त्या प्रवास करून आल्या, हेच उत्तर उरले. १८८९ साली लंडनचा स्टीफन पॅजेट ह्याने त्यास आणखी एक विचार जोडला. वनस्पतीचे बीज चोहोकडे उडते, पण रुजते योग्य भूमीतच; कर्करोगाच्या पेशींचेही तसेच असते. हा दृष्टांत आजही वैद्यकात वापरला जातो.

आता ह्या प्रवासाचा भूगोल पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या फिलिबेर साप्पे ह्याने मृतदेहांच्या त्वचेतील लसिकावाहिन्यांत पारा भरून त्यांचे विलक्षण सूक्ष्म नकाशे तयार केले. असे अभ्यास पुढे होत गेले आणि त्यांतून डोक्याच्या त्वचेचे पाणलोट स्पष्ट झाले. कपाळ, कानशील, पापण्यांची बाहेरची बाजू, गाल व कानाचा पुढचा भाग येथील लसिका प्रथम कानापुढच्या लाळग्रंथीकडे वाहते. गालगुंड झाले असता जी फुगते तीच ही ग्रंथी; तिच्या आत व पृष्ठभागावर पुष्कळ लसिकाग्रंथी विखुरलेल्या असतात. डोक्याच्या मागील भागाची लसिका कानामागील व मानेच्या मागील ग्रंथींकडे जाते; ओठ, नाक व हनुवटी यांची जबड्याखालील ग्रंथींकडे. सर्व वाटा शेवटी मानेतील मोठ्या शिरेच्या कडेने खाली उतरतात.

कानापुढच्या लाळग्रंथीत आणखी एक अडचण लपलेली आहे. चेहऱ्याच्या स्नायूंना हालचाल देणारा मज्जातंतू तिच्या मधून शाखा करीत जातो. डोळा मिटणे, हसणे, ओठ बंद ठेवणे हे सर्व त्याच्यावर अवलंबून. म्हणजे कपाळावरचा लहानसा व्रण ज्या पहिल्या मुक्कामी पोहोचतो, तेथेच माणसाच्या हास्याची दोरी असते. ग्रंथी काढावी तर चेहरा अर्धा लुळा पडण्याची भीती. न काढावी तर रोग पुढे जाण्याची.

मानेतील ग्रंथी पद्धतशीर काढण्याचा मार्ग रूढ केला तो अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल ह्याने. त्याच्या आधी १८८८ साली वॉर्सा येथील फ्रांचिशेक याव्‌दिन्स्की ह्याने अशी शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. परंतु १९०६ साली क्राइलने १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हाच ही रीत सर्वत्र पोहोचली. डोके व मान ह्यांतील कर्करोग बराच काळ मानेच्या ग्रंथींतच अडून राहतो, असे त्याचे प्रतिपादन होते. मानेची ही नाकेबंदी पूर्ण उपसून काढली तर रोगी वाचेल, हा त्याचा निष्कर्ष. म्हणून तो ग्रंथींबरोबर मानेचा मोठा तिरका स्नायू, आतील मोठी शीर आणि खांदा उचलणारा मज्जातंतू हे सर्व एकत्र काढीत असे.

ह्या शस्त्रक्रियेने अनेक प्राण वाचले, ह्यात शंका नाही. परंतु रोगी घरी परतत असे तो एका बाजूला मान बसलेली व खांदा लोंबता राहिलेला. हात डोक्यावर नेणे, सदरा अंगात घालणे, ओझे उचलणे ही साधी कामेही अवघड होऊन बसत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन ह्याने १९५१ साली १४५० शस्त्रक्रियांचा आढावा घेतला आणि खांद्याचा मज्जातंतू वाचविण्याच्या प्रयत्नांना कडक विरोध केला. एक तंतू वाचविण्यापायी रोगाचा अंश मागे राहील, ही त्याची धास्ती. सुश्रुताचाच इशारा येथे नव्या रूपात अवतरला होता.

व्रणाच्या जागीही असेच घडत होते. १९०७ साली लंडनच्या विल्यम सॅम्पसन हँडली ह्याने मेलॅनोमाच्या एका रोग्याच्या शवविच्छेदनावरून रोग त्वचेखालील लसिकावाहिन्यांतून चोहोकडे सरकतो असे अनुमान काढले, आणि गाठीभोवतीची बरीच रुंद पट्टी खालच्या चरबीसह काढावी असे सुचविले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ भोवतीची पाच सेंटीमीटर त्वचा काढण्याची रूढी पडली. मांडीवर वा पाठीवर हे साधते. चेहऱ्यावर पाच सेंटीमीटर म्हणजे डोळा, नाक व ओठ ह्यांपैकी काही ना काही गमावणे. एका शवविच्छेदनातील निरीक्षणाचा नियम झाला आणि त्या नियमाने असंख्य माणसांची शरीरे आखली.

ह्या सर्व काळात शस्त्रवैद्य क्रूर नव्हते. त्यांच्यापुढे रोगाचा नकाशा होता, पण प्रत्यक्ष रोग्याच्या शरीरात रोग नकाशातील कोणत्या ठिकाणी पोहोचला आहे हे सांगणारे साधन नव्हते. म्हणून जेथे जेथे तो असू शकेल ते सर्व ते कापून काढीत. पुढील संशोधनाचा रोख ह्याच उणिवेकडे वळला: कापण्यापूर्वी पाहावयाचे कसे?

पहिली दिशा मानेची. अर्जेंटिनाचा ओस्वाल्दो सुआरेस ह्याने १९६३ साली आणि इटलीचा एत्तोरे बोका ह्याने १९६७ साली असे दाखविले की, मानेतील लसिकाग्रंथी स्नायूंच्या आवरणांमधील स्वतंत्र कप्प्यांत असतात. आवरण सोलून ग्रंथी काढता येतात. स्नायू, शीर व मज्जातंतू वाचविता येतात. योग्य रोग्यांत ह्या सौम्य शस्त्रक्रियेने प्राणाची बाजी लागत नाही, हे कालांतराने सिद्ध झाले आणि लोंबता खांदा हा उपचाराचा अटळ भाग राहिला नाही.

दुसरी दिशा व्रणाची. अमेरिकेतील फ्रेडरिक मोज ह्याने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चेहऱ्यावरील कर्करोग थराथराने काढून प्रत्येक थराचा नकाशा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. जेथे रोग उरला असेल तेवढेच पुन्हा काढावयाचे. नाक व पापणी वाचविण्यास ही रीत फार उपयोगी ठरली. १९७० साली वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ब्रेस्लो ह्याने ९८ रोग्यांच्या मेलॅनोमाची जाडी सूक्ष्मदर्शकातील मोजपट्टीने मोजली. त्याच्या रोग्यांत ०.७६ मिलिमीटरहून पातळ असलेल्या गाठी स्थलांतरित झालेल्या नव्हत्या. गाठ किती रुंद दिसते ह्यापेक्षा ती किती खोल गेली आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पाच सेंटीमीटरचा नियम त्यानंतर ढासळू लागला. पुढील चाचण्यांनी पातळ मेलॅनोमास एक सेंटीमीटरची कड पुरते, असे दाखविले.

तिसरी व सर्वांत उपकारक दिशा ग्रंथींची. १९६० साली अर्नेस्ट गूल्ड ह्याने लाळग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना एक विशिष्ट ग्रंथी प्रथम तपासून मग मानेवर शस्त्र चालवावे की नाही हे ठरविण्याची कल्पना मांडली. तिला त्याने पहारेकरी ग्रंथी म्हटले. गावाच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याला विचारले की आत कोणी परका शिरला का ते कळते, तशीच ही युक्ती. १९९२ साली कॅलिफोर्नियातील डोनल्ड मॉर्टन ह्याने तिला मेलॅनोमासाठी निश्चित रूप दिले. व्रणाजवळ निळा रंग टोचावयाचा, तो ज्या पहिल्या ग्रंथीत जाईल तेवढीच काढून तपासावयाची. पुढे किरणोत्सर्गी द्रव्याचीही जोड मिळाली.

ह्या तपासणीने जुन्या नकाशांविषयी एक आश्चर्य उघड केले. १९९५ साली सिडनी येथील शस्त्रवैद्य व चित्रणतज्ज्ञ ह्यांनी डोके-मानेच्या मेलॅनोमाच्या रोग्यांत लसिकेचा प्रत्यक्ष प्रवाह पाहिला, तेव्हा सुमारे एकतृतीयांश रोग्यांत तो पूर्वानुमानापेक्षा निराळ्या ग्रंथींकडे जात असल्याचे आढळले. माणसामाणसाच्या चेहऱ्याप्रमाणे त्याच्या मानेतील वाटाही वेगळ्या असतात. सर्वांना एकच शस्त्रक्रिया लागू करणे किती आंधळे होते, हे यावरून कळते.

पहारेकऱ्याने रोग शिरल्याची खबर दिल्यावर सर्व ग्रंथी काढाव्याच काय, ह्या प्रश्नाचे उत्तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने दिले. तीत १९३४ मेलॅनोमा-रोग्यांची पाहणी झाली. काहींच्या उर्वरित ग्रंथी लगेच काढल्या, काहींवर केवळ काळजीपूर्वक नजर ठेवली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे ८६ टक्के रोगी मेलॅनोमाच्या मृत्यूपासून वाचलेले होते. ज्यांच्या ग्रंथी काढल्या त्यांना सुजेचा त्रास मात्र बराच अधिक झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे धैर्याचे लक्षण मानले गेले, ते आता पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत अनावश्यक ठरले.

ह्या इतिहासात सिडनीचे नाव वारंवार येते, ह्याला कारण आहे. गोरी कातडी आणि प्रखर सूर्य ह्यांची गाठ ऑस्ट्रेलियात पडली. सूर्यप्रकाश आणि त्वचेचा कर्करोग ह्यांचा संबंध जर्मनीच्या पाउल उना ह्याने १८९४ साली खलाशांच्या त्वचेवरून व फ्रान्समधील बोर्दो येथील विल्यम द्युब्र्यू ह्याने द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांवरून ओळखला होता. १९५६ साली ऑस्ट्रेलियाचे संख्याशास्त्रज्ञ हेन्री लँकेस्टर ह्यांनी विषुववृत्ताच्या जवळ जावे तसे गोऱ्या लोकांतील मेलॅनोमाचे मृत्यू वाढतात, हे आकड्यांनी दाखविले. तेथेच सिडनीचे शस्त्रवैद्य ख्रिस ओब्रायन ह्यांनी २००२ साली आणखी एक भेद मांडला: चपट्या पेशींच्या कर्करोगात कानापुढच्या ग्रंथीतील रोग आणि मानेतील रोग वेगवेगळे मोजावेत, कारण त्यांचे परिणाम वेगळे असतात. कपाळावरील वा कानावरील व्रण बरा झाल्यानंतर महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, कानापुढे गाठ उठते. ती साधी लाळग्रंथीची सूज समजून दुर्लक्षिली जाऊ नये, हा त्या देशातील अनुभवाचा मोठा धडा होय.

भारतातील स्थिती निराळी आहे. येथे ऊन कमी नाही, पण त्वचेतील रंगद्रव्याचे नैसर्गिक छत्र आहे. म्हणून उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग तुलनेने विरळ. येथील कारणे बहुधा दुसरी होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कमरेशी वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने त्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीच्या चटक्यांनी होणारा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे. तथापि हे छत्र सर्वांनाच लाभत नाही. जन्मतःच ज्यांच्या त्वचेत रंगद्रव्य नसते, त्यांना ह्या उन्हात लहान वयापासून चेहरा व मान जपणे भाग आहे. भाजल्याच्या जुन्या व्रणांतही, मग ते डोक्यावर असोत वा हातावर, कालांतराने कर्करोग उद्भवू शकतो.

रोगाची एक वाट ग्रंथींतून जात नाही, तिचाही उल्लेख अवश्य आहे. चेहऱ्यावरील चपट्या पेशींचा कर्करोग कधी कधी मज्जातंतूच्या आवरणातून आत सरकतो आणि कवटीच्या तळापर्यंत पोहोचतो. त्वचेवरील व्रण केव्हाच बरा झालेला असतो. मागाहून गालावर मुंग्या येतात, बधिरता वाटते, वा पापणी नीट मिटत नाही. अशा तक्रारीची सांगड जुन्या व्रणाशी घालणारा वैद्य भेटला, तरच वेळ साधते.

ज्यांच्या बाबतीत वेळ साधत नसे, त्यांच्यासाठी शस्त्र व क्ष-किरण ह्यांपलीकडे फारसे काही नव्हते. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटू लागले. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोग जो लगाम घालतो, तो सोडविणाऱ्या संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो ह्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी चपट्या पेशींच्या वाढलेल्या कर्करोगावर ‘सेमिप्लिमॅब’ ह्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया करण्यापूर्वी हे औषध ७९ रोग्यांना देण्यात आले; त्यांतील बहुसंख्यांचा रोग डोके-मानेतील होता. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाची तपासणी केली असता ४० जणांच्या ऊतींत कर्करोगाची एकही जिवंत पेशी आढळली नाही. क्राइलच्या काळी ज्या माना उपसून काढाव्या लागत, त्यांतील काही उद्या शस्त्राविना बऱ्या होतील, अशी आशा ह्यामुळे बाळगता येते. हे औषध सर्वांना लागू पडत नाही आणि त्याचे दुष्परिणामही असतात, हे विसरता येत नाही.

सुश्रुतापासून आजपर्यंतच्या ह्या प्रवासात शस्त्राची धार फारशी बदललेली नाही; बदलली ती दृष्टी. रोग कोठे आहे हे जसजसे आधी कळू लागले, तसतसे माणसाच्या शरीरातून कमी कापावे लागले. अर्थात ह्या दृष्टीचा लाभ त्यालाच मिळतो, जो वेळेवर वैद्याकडे जातो. काही आठवडे न भरणारा व्रण, रंग, आकार वा कडा बदलणारा तीळ, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्ताळणारा कानाच्या पाळीवरचा भाग, केसांत लपलेली जखम, आणि कानापुढे वा मानेत हाताला लागणारी, दुखत नाही म्हणून सोडून दिलेली गाठ, ह्यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. पूर्वी चेहऱ्यावरील व्रण काढून झाला असेल, तर ती गोष्ट वैद्याला आवर्जून सांगावी. बऱ्या झालेल्या व्रणाचा विसर रोग्याला पडतो, रोगाला पडत नाही.

हंटरच्या त्या पस्तीस वर्षांच्या रोग्याचे नाव लोकांना आज ठाऊक नाही. त्याच्या जबड्यामागील गाठ काढणाऱ्या हातांत कौशल्य होते. ती कोठून आली हे सांगणारे ज्ञान मात्र जगात कोणापाशीच नव्हते. आज ते ज्ञान आहे, आणि ते उपयोगी पडावयाचे तर आरशात दिसणाऱ्या व्रणाबरोबरच मानेवरूनही एकदा हात फिरवला पाहिजे.